शांत दिवस वजा केल्यावर

अब्बा, आपाने डोक्याकडची बाजू धरली आणि मी पायाकडची, आणि पलंग जमिनीवरून सुटला तेव्हा मला कळलं की हा माझा आहे. मधोमध दुमडणारा. बिजागऱ्या तुम्ही स्वतः घडवलेल्या, त्यातली उजवीकडची जरा तिरकी. मी थांबले, तशी आपा म्हणाली, "उभी काहून राहिलीस? बोटं चेंगरतील." मग आम्ही तो माळावरून चालवत नेला, बांध ओलांडला आणि पलीकडे हळदीच्या शेतापाशी ठेवला. आपाची लेक बाळाला शालीत गुंडाळून बांधावर उभी होती. बाळ खोकत होतं. फार बारीक आवाज होता, नीट ऐकलं नाही तर शालीच्या आतच राहील असा. पलंग ठेवून मी वळले तेव्हा माळावर अजून कितीतरी पलंग होते, आणि त्यांच्या मधोमध माझी लाकडी खोली.

ही आज दुपारची गोष्ट. आता संध्याकाळ झाली आहे. मी हिंगोलीत भाड्याच्या खोलीवर आहे आणि फोन समोर टेबलावर ठेवला आहे. आपाला एक फोन करायचा की नाही, हे मला ठरवायचं आहे. ते ठरत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गिऱ्हाइकांशी दिवसभर मराठी बोलायचात, वाचायचात मात्र उर्दू. म्हणजे हे पोचलं असतं तरी कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मीच केलं असतं, अडेल तिथे दखनीत सांगत. मला मराठीतच लिहिता येतं. शाळेने हात तसा वळवला.

तुमच्या वेळी जमीन गप्प होती. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आपाच्या गावात ती आवाज करू लागली. लांब कुठेतरी ट्रकमधून दगड ओतावेत तसा आवाज, पण पायाखालून. मग मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि थांबतात. सुरुवातीला लोकांना वाटलं खाणीत सुरुंग लावून राहिले. कुठे खाण आहे म्हणून पोरं सायकलवर बघायला गेली, खाण सापडली नाही. मग साहेब लोक आले. घाबरू नका म्हणाले, पत्र्यावरचे दगड काढून ठेवा म्हणाले, चहा पिऊन गेले. दगड कोणी काढले नाहीत, कारण दगड काढले तर वाऱ्याने पत्रे जातात, आणि वारा दरवर्षी येतो. आता आवाज आला की माणसं बोलता बोलता थांबतात, छताकडे बघतात आणि सोडलेलं वाक्य पुन्हा धरतात. बाहेरून आलेल्या माणसाला कळतही नाही की मधे काही झालं.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, "सुई बघतेस म्हंजे काय बघतेस?" आणि मी हसून टाळायचे. तर सांगते. जमिनीचं चुंबकत्व दिवसभर एकसारखं नसतं. सूर्य चढला की फार उंचावर, जिथे हवा जवळजवळ संपलेली असते, तिथे वीज वाहू लागते. तिच्यामुळे खाली आपल्याकडे चुंबकत्व किंचित वाढतं, दुपारी सगळ्यांत जास्त, मग उतरतं, आणि रात्री जागेवर येतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं. हे रोज होतं, पण रोज सारखं होत नाही. ऋतूने बदलतं, चंद्रानेसुद्धा जरासं बदलतं. सूर्यावर वादळ झालं की सगळंच विस्कटतं. ज्या दिवशी वादळ नसतं त्याला आम्ही शांत दिवस म्हणतो. मी शांत दिवसाची रेघ गणिताने काढते. अमुक जागी, अमुक तारखेला, काहीच घडलं नाही तर ही रेघ कशी दिसेल, ते आधी सांगायचं. मग यंत्राने मोजलेल्यातून ती वजा करायची. खाली काही उरू नये. ज्या दिवशी काही उरत नाही, त्या दिवशी माझं काम झालेलं असतं. सगळं गणित रात्रीवर उभं असतं, कारण रात्री वरची वीज जवळपास थांबते. रात्र म्हणजे आमचं शून्य.

यावरून भूकंप आधी कळतो असं कोणी दाखवून दिलेलं नाही. हे मी शाळांमधून, ग्रामपंचायतीत, विचारेल त्याला सांगत आले आहे. सांगताना माझा आवाज स्थिर असतो.

वारंगा फाट्यावरचं तुमचं वेल्डिंगचं दुकान मला कामाच्या वेळी आठवतं, एरवी नाही. रस्त्यावरून ट्रक जात आहेत, तुम्ही पाटावर उकिडवे बसला आहात, एका हातात काळी काच, दुसऱ्यात कांडीचा चिमटा. मी शाळेतून येऊन पत्र्याच्या कोठीला टेकून बसले आहे आणि बघते आहे. तुम्ही दोनदा हटकलंत. तिसऱ्यांदा हटकलं नाहीत. त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, मी रडायला लागले, आणि अम्मीने बटाट्याच्या चकत्या ठेवून फडकं बांधलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे होतात. मला दिसत नव्हतं, पण तुमच्या कपड्यांना जळक्या लोखंडाचा वास यायचा. तुम्ही एवढंच म्हणालात, "दिसतं म्हणून बघायचं नसतं." चढा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या काळ्या काचेचा तुकडा लाकडी चौकटीत बसवून माझ्या हातात दिलात. त्यानंतर मला दुकानात बसायची बंदी नव्हती.

आमच्या कामाला लोखंड चालत नाही. यंत्राची खोली लाकडाची, खिळे पितळेचे, बिजागऱ्या पितळेच्या. आत जाताना पट्टा, किल्ल्या, फोन, केसांतल्या पिना सगळं लांब काढून ठेवायचं. ही खोली कुठे बांधायची असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी आपाच्या गावाचा माळ सुचवला. रेल्वे लांब, विजेची मोठी वाहिनी लांब, रस्ता लांब. कागदावर ते बरोबर होतं. त्या जमिनीखालून आवाज येतो आणि त्या जमिनीवर माझी बहीण राहते, हेही होतं. ते मी कागदावर लिहिलं नाही. माळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आहे, त्यांना सगळे दादा म्हणतात. खोलीवर माणूस ठेवलेला नाही. आकडे मोबाइलच्या टॉवरवरून मला इथे मिळतात. बॅटरी उतरली तर दादा फोन करतात, नाहीतर नाही.

या हिवाळ्यात आपाची लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी नेहमीपेक्षा मोठा आवाज आला, आणि आपाच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. तुम्ही ती भिंत बघितली आहे, तिच्या लग्नाच्या वेळी. दगड आणि माती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. आपाने मला भेगेचा फोटो पाठवला. भेगेत तिने हात घालून दाखवला होता, मनगटापर्यंत.

मी त्या आठवड्यात आकडे उघडले आणि खाली काहीतरी उरलेलं होतं. फार नाही. शांत दिवसाची रेघ वजा केल्यावर रात्रीची पातळी जिथे असायला हवी तिथे नव्हती, जराशी सरकलेली होती. लांबच्या दुसऱ्या केंद्राचे आकडे काढून बघितले, तिथे काही नव्हतं. म्हणजे वरचं नव्हतं. जे होतं ते आपाच्या गावातच होतं. एरवी मी काय केलं असतं ते मला माहीत आहे: थांबले असते, अजून आकडे येऊ दिले असते. मी आपाला फोन केला आणि म्हटलं, थोडे दिवस बाहेर झोपा. ती म्हणाली, "काय दिसलं का?" मी म्हटलं, काही नाही, भिंत चांगली नाही म्हणून. ती मग म्हणाली, "हौ." माझं ‘काही नाही’ तिला कसं ऐकू गेलं असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर ते वाढत गेलं. उडी नाही, हळूहळू, पायाखाली पाणी चढावं तसं. रात्री जास्त, दिवसा कमी, पण दिवसाही पूर्ण जात नव्हतं. मला आधी विहिरीवरच्या मोटारींचा संशय आला. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. मी पाळ्या जुळवून बघितल्या. पाळी बदलली तरी ते बदललं नाही. मग मी माझ्याच गणितावर संशय घेतला. रेघ पुन्हा काढली, ऋतू पुन्हा बसवला, चंद्र पुन्हा बसवला. मागच्या वर्षाचे शांत दिवस घालून बघितले, त्यांतून काही उरलं नाही. गणित चांगलं होतं. गणित चांगलं असण्याची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. वरिष्ठांना कळवलं, ते म्हणाले, आधी जागेवर जाऊन बघा, आसपास काही आलं असेल. साधी गोष्ट होती. ती मला सुचायला हवी होती. पण मी आकड्यांकडे बघत होते आणि मला भिंत दिसत होती. रोज सकाळी आपाला फोन करायचे. ती सांगायची, बाहेर झोपलो, थंडी होती, बाळाला सर्दी झाली. मग सांगितलं, छातीत कफ आहे. मग सांगितलं, डॉक्टर म्हणून राहिले उघड्यावर ठेवू नका. मी विचारायचे, बाहेर म्हणजे कुठे? ती म्हणायची, "शेतात." मला वाटायचं, तिच्या शेतात.

आज सकाळी मी जीपने फाट्यावर उतरले. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथून रिक्षाने गावात, आणि आपा घरी नव्हती म्हणून चालत माळावर.

अब्बा, आख्खं गाव तिथे होतं. माझ्या खोलीभोवती पलंग लागले होते, एकाला एक चिकटून, उरुसाला दुकानं लागतात तसे. आंदणाचे पलंग, निळे, हिरवे, पोपटी. पत्र्याच्या कोठ्या आणून ठेवल्या होत्या, धान्यासकट, कारण घर पडलं तर धान्य तरी राहील. खोलीच्या उंबऱ्याला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं. एका बाजूला उदबत्तीची राख होती. दादा खोलीला पाठ टेकून ऊन खात बसले होते.

"या म्याडम, या," ते म्हणाले. "तुमच्या मशीनला एकटं वाटू दिलं न्हाई आमी."

"दादा, हे सगळे इथे कधीपासून?"

"तुमीच सांगलं की बाहेर झोपा. मंग बाहेर म्हंजे कुठं झोपावं? मशीनजवळच बरं. त्याला आधी कळतं."

"त्याला काही कळत नाही, दादा."

"कळत न्हाई तर सरकारनं ठेवलं काहून? भेगेच्या दिवशी दोन-चार घरं भेऊन आली व्हती, मंग तुमची बहीन येऊन झोपली हितं. तिला तर तुमीच सांगलं आसंल ना?"

शेजारच्या पलंगावर तांड्यावरची एक बाई पोरीची वेणी घालत होती. ती म्हणाली, "आमाला तुमच्या आपानंच सांगलं. म्हने, माझी बहीन रोज बघून राहिली. भेऊ नका, मशीनच्या बाजूला ऱ्हा."

हळद कुणी लावली, असं मी विचारलं. दादा म्हणाले, "देव न्हाई म्हनत आमी त्याला. पर थोडं लावल्यालं बरं."

मी तिथे उभी होते आणि माझ्या डोक्यात सगळं एकेक करून जागेवर बसत होतं. आवाज आला, भेग पडली, तेव्हा काही घरं घाबरून माळावर आली. आकडे जरासे सरकले. मी घाबरले आणि आपाला सांगितलं. आपाने गावाला सांगितलं. अजून पलंग आले, कोठ्या आल्या. आकडे अजून सरकले, मी अजून घाबरले. रात्री सगळे पलंग असायचे, दिवसा काही घरी जायचे. शांत दिवसातून जे उरत होतं ते जमिनीतून येत नव्हतं. ते मी एका फोनने माळावर आणून ठेवलेलं लोखंड होतं. आधी मला हलकं वाटलं. ते फार थोडा वेळ टिकलं.

मी त्यांना सांगितलं की लोखंड यंत्राजवळ चालत नाही, सगळं बांधापलीकडे न्यायला लागेल. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या पलंगाला भेतं व्हय तुमचं मशीन?" तांड्यावरची बाई म्हणाली, "पलंगाला न्हाई, ह्यांच्या बापाच्या घोरन्याला भेलं आसंल," आणि तिने वेणी घालता घालता नवऱ्याकडे मान उडवली. सगळे हसले. नवराही हसला. मग ते उठले आणि पलंग उचलू लागले, कुणीही कुरकुर केली नाही, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी सांगितलं म्हणून आले होते, मी सांगितलं म्हणून उठत होते.

तुम्ही हा पलंग मी कॉलेजला निघाले तेव्हा केला होता. हॉस्टेलमध्ये जमिनीवर झोपायचं नाही, म्हणालात. दुमडून एसटीच्या टपावर बांधलात, माझ्याबरोबर आलात, आणि हॉस्टेलच्या बाईंनी तो आत घेऊ दिला नाही. तुम्ही त्याच एसटीने परत गेलात, पलंग टपावर. मी खिडकीतून बघत होते. कंडक्टर हसत होता, तुम्हीही त्याच्याबरोबर हसत होतात. पुढे तो पलंग आपाच्या घरी गेला. पण त्याआधी, दुकानात, तो पुरा झाला त्या दिवशी, तुम्ही नेहमी करायचात ते केलं होतंत. कुठलाही पलंग गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तुम्ही आम्हा सगळ्यांना त्याच्यावर बसवायचात. आपा, मी, अम्मी, मग तुम्ही स्वतः. दोन्ही कडांना, मग मधोमध. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो मियाँ, दिसतो की मजबूत. तुम्ही म्हणायचात, "मोडायचा तर आमच्याखाली मोडू द्या." मला लाज वाटायची. रस्त्यावरून शाळेतल्या मुली जायच्या आणि आम्ही चौघं एका विकाऊ पलंगावर ओळीने बसलेलो.

सगळं लोखंड बांधापलीकडे गेलं तेव्हा दुपार कलली होती. आपा माझ्याजवळ आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. आपा म्हणाली, "आता सांग. आत निजवू का बाहेर?"

मी तिच्याबरोबर घरी गेले आणि भिंत बघितली. भेग फोटोत होती तशीच होती. तिच्यातून मागच्या बाजूचा उजेड दिसत होता. मी म्हटलं, आधी पत्र्यावरचे दगड उतरवा. दादांच्या मुलांनी ते लगेच उतरवले. मी म्हटलं, पलंग त्या भिंतीपासून लांब, दाराजवळ लावा. आपाच्या लेकीने तो तसा लावला. बाळाच्या उशाखाली तिने सुरी ठेवली होती, ती हलवली नाही. मग दुसरं काही सांगण्यासारखं राहिलं नाही. आपा दारात थांबली होती. तिच्यामागे दादा, तांड्यावरची बाई, आणखी काही जण आले होते. ते भेगेकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"धोका न्हाई ना मंग?" दादा म्हणाले.

खरं उत्तर होतं, मला माहीत नाही. ते दिलं असतं तर आपाने बाळाला पुन्हा बाहेर नेलं असतं, कारण तिला माहीत नसलेल्या गोष्टीची भीती थंडीपेक्षा जास्त वाटते. आणि आजची रात्र बाळाने उघड्यावर काढू नये, हे डॉक्टरांनी सांगितलं नसतं तरी दिसत होतं. मी म्हटलं, "मशीन शांत आहे. आत झोपा."

म्हटलं ते खोटं नव्हतं. यंत्र शांत होतं. यंत्राच्या शांत असण्याचा भिंतीशी काही संबंध नाही, हे वाक्य मी शाळांमधून सांगते. तिथे सांगितलं नाही. दादांनी मान हलवली. तांड्यावरची बाई म्हणाली, "चला बाबा, कंबर मोडली थंडीनं," आणि सगळे आपापल्या घरांकडे गेले. सगळ्यांच्याच घरांवर दगड आहेत. ते उतरवायला मी फक्त आपाला सांगितलं होतं. वाटेत भेटतील त्यांना सांगत गेले, पण सगळे भेटले नाहीत.

इथे आल्यावर मी आकडे उघडले. पलंग गेल्यावर रेघ खाली आली होती. मी शांत दिवस वजा केला. जवळजवळ काही उरलं नाही. जवळजवळ. अगदी थोडं उरलं आहे. ते सुरीचं नाही. इतक्या लांबून एक सुरी कळत नाही. एखादी कोठी बांधाच्या अलीकडे राहिली असेल. माझं गणित तेवढ्यापुरतं कच्चं असेल. ते काहीच नसेल; एका संध्याकाळच्या आकड्यांवरून कुणी शहाणा माणूस बोलत नाही. मी तीन पानं लिहिली, त्या वेळात ते वाढलेलं नाही. कमीही झालेलं नाही. आता फोन केला तर आपा काही न विचारता बाळाला उचलून थंडीत जाईल, तिच्यामागे गाव जाईल, पलंग पुन्हा माळावर येतील आणि आकडे पुन्हा वाढतील. नाही केला, तर ते सगळे आत आहेत.

तुम्ही असता तर मी तुम्हाला विचारलं असतं असं लिहिणार होते. ते खरं नाही. मी तुम्हाला कधीच काही विचारलं नाही. मी फक्त तुमच्या दुकानात बसून बघितलं.

एक गोष्ट आपाला सांगितली नाही. निघताना ती म्हणाली, "राहा ना आजची रात. भाकरी टाकते." मी म्हटलं, शेवटची जीप जाईल. शेवटची जीप अजून बऱ्याच वेळाने होती. फाट्यावर मी तिची वाट बघत बसले, आणि ती आली तेव्हा तिच्यात बसले. मला त्या घरात झोपायची भीती वाटली.

फोन केला नाही. कागद घडी करून ठेवते आहे.

कागद पुन्हा उघडला आहे. सकाळी आपाचा फोन आला. बाळ दूध प्यायलं, ऊब मिळाली म्हणून रात्रभर बरं झोपलं. पहाटे जमिनीतून मोठा आवाज आला, म्हणाली, मांडणीवरचा एक डबा खाली पडला. मी विचारलं, मग बाहेर आलात का? "न्हाई," ती म्हणाली. "कोणीच न्हाई आलं. तूच म्हणाली होतीस ना."